गणितीय अक्षरजुळणीचा इतिहास : चिन्हांकन-भाषा आणि दृश्य एडिटर यांच्यातील वाद

प्रस्तावना

गणित ही लिहिली जाणारी भाषा आहे. परंतु ती एका सरळ ओळीत लिहिली जात नाही. गद्याची ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि संपते. गणिताची ओळ मात्र घातांकाबरोबर वर चढते, पादांकाबरोबर खाली उतरते, आडव्या रेघेच्या वर अंश आणि खाली छेद अशी दुभंगते, करणीच्या चिन्हाखाली शिरते. अशा लेखनाला छापील रूप देणे हे मुद्रणव्यवसायातील सर्वांत कष्टाचे काम समजले जाई. गेल्या पन्नास वर्षांत हे काम छापखान्यातील जुळाऱ्याच्या हातून निसटून थेट लेखकाच्या हाती आले. लेखकाने ते कोणत्या साधनाने करावे, यावर गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ यांच्यात दीर्घकाळ वाद चालू राहिला.

या वादाचे दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते लेखकाने मजकुरातच खुणा लिहाव्यात आणि त्या खुणांवरून पान घडवण्याचे काम संगणकाने करावे. या खुणांच्या व्यवस्थेला मार्कअप किंवा चिन्हांकन-भाषा म्हणतात. हा शब्द मुळात छापखान्यातलाच आहे. कोणते शीर्षक ठळक, कोणती ओळ तिरपी, हे जुळाऱ्याला कळावे म्हणून हस्तलिखितावर ज्या खुणा केल्या जात, त्या करण्याला मार्कअप म्हणत. दुसऱ्या पक्षाच्या मते खुणा लक्षात ठेवण्याचा भार लेखकावर टाकू नये. छापल्यावर पान जसे दिसेल तसेच ते पडद्यावर दिसावे आणि तेथेच दुरुस्त करता यावे. अशा साधनांना प्रस्तुत निबंधात दृश्य एडिटर म्हटले आहे.

हा वाद बहुधा आवडीनिवडीचा किंवा सोयीचा मानला जातो. त्याचा इतिहास तपासला असता त्याच्या मुळाशी एक अधिक गंभीर प्रश्न दिसतो : लेखक समीकरण लिहितो तेव्हा नेमके काय जतन होते? समीकरणाचे रूप, त्याची रचना, की त्याचा अर्थ? या प्रश्नाच्या उत्तरावर ते लेखन किती काळ टिकेल आणि कोणाकोणाला वाचता येईल, हे अवलंबून असते. या दृष्टीने वादाचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

शिशाच्या खिळ्यांचा काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दर्जेदार गणितीय ग्रंथ प्रामुख्याने मोनोटाइप यंत्रावर जुळवले जात. कळफलकावर काम करणारा कारागीर कागदी पट्टीला छिद्रे पाडी आणि त्या पट्टीवरून दुसरे यंत्र एकेक खिळा ओतून देई. गद्यासाठी ही पद्धत वेगवान होती. गणिताच्या बाबतीत मात्र खरे काम येथून पुढे सुरू होई. अपूर्णांकाच्या रेघा, मोठे कंस, संकलनचिन्हे आणि त्यांच्या सीमा जुळाऱ्याला हाताने बसवाव्या लागत. १९५० च्या दशकात मोनोटाइपची चार-ओळी पद्धत आली आणि घातांक-पादांकांचे बरेचसे काम यंत्राकडे गेले. तरी हाताचे काम संपले नाही. इंग्रजी मुद्रणव्यवसायात गणिताच्या मजकुराला ‘दंडपात्र मजकूर’ अशा अर्थाचे नाव होते, कारण त्यासाठी नेहमीपेक्षा जादा दर आकारावा लागे.

टी. डब्ल्यू. चाँडी, पी. आर. बॅरेट आणि चार्ल्स बॅटी यांचा ‘द प्रिंटिंग ऑफ मॅथेमॅटिक्स’ हा ग्रंथ १९५४ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. समीकरण कागदावर कसे लिहिले असता जुळाऱ्याचे कष्ट वाचतील, याचे मार्गदर्शन त्यात लेखकांना केलेले आहे. या ग्रंथाचे महत्त्व असे की, गणितीय लेखनात लेखक आणि कारागीर असे दोघे सहभागी असतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कारागिराला गणित येत नसले तरी गणित कसे दिसावे याचे सूक्ष्म ज्ञान त्याच्यापाशी असे. अधिक-चिन्हाच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडावी आणि बरोबर-चिन्हाच्या बाजूंना त्याहून किंचित अधिक का सोडावी, हे कोणत्याही गणिताच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते त्याच्या बोटांत होते.

१९६० नंतर खर्च वाढू लागला आणि शिशाच्या जागी फोटोकंपोझिंग येऊ लागले. काही नियतकालिके खर्च वाचवण्यासाठी टंकलेखन यंत्रावर जुळवली जाऊ लागली. हा बदल होत असताना जुळाऱ्याच्या बोटांतील ज्ञान नव्या यंत्रात उतरले नाही. गणिताची छपाई स्वस्त झाली, परंतु ती डोळ्यांना खटकू लागली.

बोललेले गणित आणि मोजलेले गणित

या परिस्थितीला पहिले महत्त्वाचे उत्तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून आले. तेथे जो ओसाना यांनी १९७३ च्या सुमारास टीरॉफ ही अक्षरजुळणीची आज्ञावली फोटोकंपोझिंग यंत्रासाठी तयार केली होती. तिच्या जोडीला ब्रायन कर्निगन आणि लोरिंडा चेरी यांनी ईक्यूएन ही समीकरणांची स्वतंत्र भाषा रचली. तिचे वर्णन करणारा त्यांचा लेख मार्च १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. या भाषेचे तत्त्व साधे होते : प्राध्यापक फळ्याकडे पाहून समीकरण जसे मोठ्याने वाचतील, तसेच ते टंकित करावे. ‘ए ओव्हर बी’ असे लिहिले की ए अंशस्थानी आणि बी छेदस्थानी जाई. गणित किंवा मुद्रण यांपैकी काहीच न येणाऱ्या टंकलेखकाला ही भाषा तासाभरात शिकता येते, असा कर्त्यांचा अनुभव होता. त्यांच्या डोळ्यांसमोर लेखक नव्हता, कार्यालयातील टंकलेखक होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे उत्तर एका ग्रंथकर्त्याच्या असमाधानातून जन्माला आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळात शिशाच्या खिळ्यांनी छापले गेले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची फोटोकंपोझिंगने जुळवलेली मुद्रिते १९७७ च्या वसंतात त्यांच्या हाती आली. ती त्यांना इतकी निराशाजनक वाटली की, मे महिन्यात त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची भाषा आखण्यास प्रारंभ केला. तीच टेक होय. हे नाव कला आणि तंत्र असे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. अक्षरांचे आकार घडवण्यासाठी त्यांनी मेटाफाँट ही जोडभाषाही रचली. एका रजेच्या वर्षात संपेल असे वाटलेले हे काम सुमारे दशकभर चालले. दुसऱ्या खंडाची टेकने जुळवलेली आवृत्ती १९८१ मध्ये निघाली. टेकचे संपूर्ण पुनर्लेखन होऊन ‘द टेकबुक’ १९८४ मध्ये आणि पाच खंडांची समग्र मालिका १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली.

कनूथ यांनी जुळाऱ्याचे अलिखित ज्ञान मोजून नियमांत बसवले. त्यासाठी उत्तम छपाईचे नमुने म्हणून त्यांनी आपले जुने खंड आणि स्वीडन व नेदरलँड्समधील गणिताची दोन नियतकालिके यांचा अभ्यास केला. टेकमध्ये समीकरणातील प्रत्येक घटकाला आठांपैकी एक वर्ग असतो : साधे चिन्ह, मोठा कारक, द्विपद क्रिया, संबंध, उघडता कंस, मिटता कंस, विरामचिन्ह आणि अंतर्गत रचना. शेजारच्या दोन घटकांचे वर्ग पाहून त्यांच्यातील जागा ठरते. एका मूळ रुंदीचे १८ भाग कल्पिले, तर पातळ जागा ३ भागांची, मध्यम ४ भागांची आणि जाड जागा ५ भागांची असते. अधिक-चिन्हाभोवती मध्यम आणि बरोबर-चिन्हाभोवती जाड जागा पडते. तेच अधिक-चिन्ह एखाद्या संख्येचा धनभाव दाखवत असेल तर ती जागा पडत नाही. जुळाऱ्याच्या बोटांतील ज्ञान असे अंकांत उतरले.

जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे दिलेल्या गिब्ज व्याख्यानासाठी कनूथ यांनी गणितीय मुद्रण हाच विषय निवडला. पुढे मायकेल स्पिव्हाक यांच्या एएमएस-टेकमुळे ही प्रणाली गणितज्ञांच्या समाजात रुजली आणि १९८० मध्ये टेक वापरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. कनूथ यांनी टेक सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिली. मूळ योजना स्वतःसाठी व आपल्या सचिवासाठी असलेले हे साधन आता लेखकांचे साधन झाले. कारागिराचे काम लेखकाकडे आले ते याच टप्प्यावर.

रूप की रचना?

चिन्हांकनाच्या समर्थकांतही मतभेद होते. टेकची आज्ञा मुख्यतः रूपाविषयी बोलते : येथे इतकी जागा सोड, हे अक्षर ठळक कर. हे रूप कशासाठी, हे ती सांगत नाही. याउलट खुणेने घटकाची भूमिका सांगावी आणि रूपाचा निर्णय स्वतंत्र ठिकाणी व्हावा, असा विचार आयबीएममध्ये १९६९ पासून चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी मांडला होता. त्याचीच परिणती १९८६ च्या एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकात झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी स्क्राइब ही याच तत्त्वावरची प्रणाली रचून १९८० मध्ये तिच्यावर प्रबंध लिहिला.

स्क्राइबपासून प्रेरणा घेऊन लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात टेकच्या पायावर लाटेक उभी केली. तिचे पुस्तक १९८६ मध्ये निघाले. लाटेकचा लेखक ‘हे ठळक व मोठे कर’ असे सांगत नाही. ‘हे प्रकरणाचे शीर्षक आहे’, ‘हे प्रमेय आहे’ असे सांगतो. प्रमेयांचे क्रमांक, त्यांचे संदर्भ आणि अनुक्रमणिका यांची जबाबदारी प्रणाली घेते. मधले एक प्रमेय वगळले तरी पुढील सर्व क्रमांक व त्यांचे उल्लेख आपोआप बदलतात. दीर्घ प्रबंध लिहिणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९८९ पासून लाटेकची धुरा फ्रँक मिटेलबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आली व १९९४ मध्ये तिची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

१९८७ मध्ये जेम्स कूम्ब्स, ॲलन रेनियर आणि स्टीव्हन डिरोझ यांनी विद्वज्जनांच्या लेखनासाठी वर्णनात्मक चिन्हांकन श्रेयस्कर का, याचे सविस्तर विवेचन केले. रूप सांगणाऱ्या खुणेचा उपयोग एका छपाईपुरता असतो. भूमिका सांगणारी खूण छपाई, शोध, सूची, भाषांतर अशा अनेक कामांना पुरते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

पडद्यावर दिसणारे पान

दुसऱ्या पक्षाची बाजूही तितक्याच गांभीर्याने समजून घेतली पाहिजे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये ब्राव्हो हा एडिटर तयार झाला. पान पडद्यावर छापील रूपात दाखवणाऱ्या आरंभीच्या एडिटरांत त्याची गणना होते. १९८४ मधील मॅकिंटॉश संगणकाने ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत नेली. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्ट वर्डबरोबर डिझाइन सायन्स या कंपनीचा समीकरण-एडिटर मिळू लागला आणि चौकटीत अंश-छेद भरण्याची पद्धत जगभरच्या शिक्षकांच्या हाताशी आली.

या साधनांचा मोठा गुण असा की, लिहिणाऱ्याला आपण काय लिहिले हे तत्काळ दिसते. लाटेकमध्ये एक महिरपी कंस मिटवायचा राहिला तर संपूर्ण दस्तऐवज अडतो आणि जो दोषसंदेश मिळतो तो नवशिक्याला बुचकळ्यात टाकतो. आठवड्यातून एक प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या शिक्षकाने त्यासाठी एक अख्खी भाषा शिकावी, ही अपेक्षा अवाजवी आहे, असे दृश्य एडिटरांचे पुरस्कर्ते म्हणत; आणि त्यात तथ्य होते. डिसेंबर २०१४ मध्ये मार्कुस क्नाउफ आणि येलिका नेयास्मिच यांनी ४० व्यक्तींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग मजकूर आणि कोष्टके यांच्या नकलेत वर्ड वापरणारे सरस ठरले. समीकरणबहुल मजकुरात मात्र लाटेक वापरणारे पुढे राहिले. गंमत अशी की, कामात अधिक आनंद मिळतो असे सांगणारेही लाटेकवालेच होते. या प्रयोगात दिलेला मजकूर अर्ध्या तासात उतरवायचा होता. वर्षानुवर्षे बदलत जाणाऱ्या, क्रमांकांच्या जाळ्याने बांधलेल्या प्रबंधाची कसोटी त्यात लागत नव्हती, हा त्यावरील मुख्य आक्षेप.

दृश्य एडिटरांची खरी उणीव वेगाची नव्हती. ती टिकाऊपणाची होती. वर्ड २००७ मध्ये समीकरणांची अंतर्गत रचना बदलली, तेव्हा ‘सायन्स’ या नियतकालिकाने नव्या स्वरूपातील फाइली स्वीकारण्यास असमर्थता कळवली. पुढे जुन्या समीकरण-एडिटरमध्ये सुरक्षेचा गंभीर दोष आढळला आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला. त्या एडिटरने लिहिलेली समीकरणे दिसत राहिली. परंतु वेगळे साधन मिळवल्याखेरीज ती दुरुस्त करता येईनात. समीकरण पडद्यावर होते, पण त्याच्या लेखकाच्या हाती राहिले नव्हते.

याच्या तुलनेत टेकचा प्रवास पाहण्यासारखा आहे. टेकचा मजकूर साध्या अक्षरांचा असतो. तो कोणत्याही एडिटरमध्ये उघडतो. कनूथ यांनी १९९० मध्ये टेकची वाढ थांबल्याचे जाहीर केले. त्यानंतर केवळ दोषदुरुस्ती होत राहिली. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक पाय या संख्येच्या एका स्थानाने पुढे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेल्या आर्काइव्ह या लेखसंग्रहानेही लेखकाकडून मूळ टेक मजकूर मागण्याचे धोरण ठेवले. त्यामुळे तेथील लेखांची छापील पृष्ठे साठली आणि त्यांच्याबरोबर ती घडवणाऱ्या खुणाही साठल्या.

महाजालावरील गणित

महाजालाचा जन्म सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. तरीही त्याच्या पानांत समीकरण लिहिण्याची सोय नव्हती. १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात गणिताचा समावेश होता, परंतु १९९७ मध्ये मान्य झालेल्या ३.२ आवृत्तीत तो उरला नाही. एप्रिल १९९८ मध्ये मॅथएमएल ही स्वतंत्र भाषा मान्य झाली. तिची दोन अंगे आहेत. एक अंग समीकरणाची दृश्य रचना सांगते, दुसरे त्याचा अर्थ.

या विभागणीची गरज एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘फ(क्ष + १)’ असे लिहिले तर क्ष + १ या ठिकाणचे फ या फलाचे मूल्य अभिप्रेत आहे, की फ आणि क्ष + १ यांचा गुणाकार? एखाद्या चिन्हाच्या माथ्यावर −१ लिहिले तर तो व्यस्त समजावा, की व्यस्त फल? वाचणारा गणितज्ञ हे संदर्भाने ओळखतो. यंत्राला ते सांगावे लागते. टेक आणि लाटेकमधील समीकरणेही या बाबतीत मूकच आहेत. प्रकरण, प्रमेय, सिद्धता यांची भूमिका सांगणारी लाटेक समीकरणाच्या आत मात्र रूपच सांगते. चिन्हांकनाच्या समर्थकांनी आपल्या पक्षाची ही मर्यादा क्वचितच मान्य केली आहे.

अर्थ सांगणारे चिन्हांकन लेखकांनी स्वीकारले नाही, ही या इतिहासातील बोलकी घटना होय. मॅथएमएल हाताने लिहिणे अत्यंत लांबण लावणारे होते. लाटेकच्या एका ओळीसाठी तिच्यात अनेक ओळी लागत. ब्राउझरांचाही पाठिंबा अस्थिर राहिला. क्रोम ब्राउझरमध्ये २०१३ च्या आरंभी ती आली आणि लगेच काढली गेली. तेथे ती स्थिरपणे परतली ती जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे मान्यतेनंतर सुमारे २५ वर्षांनी. मधली पोकळी २०१० मध्ये आलेल्या मॅथजॅक्सने भरली. लेखक लाटेकच्या खुणा लिहितो आणि मॅथजॅक्स त्यांचे समीकरण दाखवते, ही तडजोड जगभर रूढ झाली. लेखक रचनेपर्यंत येतो, अर्थापर्यंत येत नाही, हे त्यातून दिसून आले.

कानांनी वाचलेले गणित

आतापर्यंतचा वाद डोळस वाचक गृहीत धरून चालला होता. त्याला वेगळी दिशा दिली ती मूळचे पुण्याचे असलेल्या टी. व्ही. रामन यांच्या कार्याने. काचबिंदूमुळे वयाच्या १४ व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून पुढील शिक्षण घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ मधील त्यांचा प्रबंध ‘ॲस्टर’ या प्रणालीविषयी आहे. लाटेकमध्ये लिहिलेला गणितीय मजकूर ही प्रणाली वाचून दाखवते. समीकरणाची रचना ती एखाद्या वृक्षासारखी उलगडते. आवाजाच्या गुणधर्मांत बदल करून ती घटकांतील भेद ऐकवते. आणि ऐकणाऱ्याला आधी संपूर्ण सांगाडा ऐकून मग हव्या त्या फांदीत उतरता येते.

डोळस वाचक लांबलचक समीकरणावरून नजर फिरवतो आणि हवे तेथे थांबतो. ध्वनिमुद्रित पुस्तकात हे स्वातंत्र्य नसते. तेथे आरंभापासून शेवटापर्यंत ऐकत राहावे लागते. रामन यांनी हे स्वातंत्र्य श्रोत्याला मिळवून दिले, आणि ते शक्य झाले याचे कारण मजकुरात रचनेच्या खुणा होत्या. पानाचे चित्र कितीही देखणे असले तरी त्यातून ही रचना परत मिळवणे दुष्कर असते. लाटेकच्या लेखकांनी त्या खुणा आंधळ्या वाचकासाठी लिहिल्या नव्हत्या. त्या छपाईसाठी लिहिल्या होत्या. तरीही त्या त्याच्या उपयोगी पडल्या. वर्णनात्मक चिन्हांकनाच्या बाजूने याहून प्रभावी पुरावा क्वचितच दाखवता येईल.

या दिशेने पुढील पावले मात्र सावकाश पडली. लाटेकमधून तयार होणाऱ्या पीडीएफ फाइलींत बराच काळ या खुणांचा मागमूस राहत नसे, म्हणजे लेखकाने दिलेली रचना शेवटच्या पायरीवर गळून पडे. ती टिकवण्याचे काम लाटेकच्या विकासकांनी २०२० नंतर पद्धतशीरपणे हाती घेतले. आर्काइव्हनेही डिसेंबर २०२३ पासून लेखांची एचटीएमएल रूपे देण्यास प्रारंभ केला.

भारतीय संदर्भ

या इतिहासाचे भारतीय अंग दोन प्रकारचे आहे. पहिले श्रमाचे. लेखक स्वतः अक्षरजुळणी करू लागला म्हणून जुळारी नाहीसा झाला, हे अर्धसत्य आहे. परदेशी प्रकाशकांकडे आलेल्या लाटेक फाइलींना नियतकालिकाच्या घडणीत बसवणे व त्यांचे एक्सएमएलमध्ये रूपांतर करणे, हे काम मोठ्या प्रमाणावर चेन्नई, तिरुवनंतपुरम अशा शहरांत होऊ लागले. भारतीय टेक संघटना १९९८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे स्थापन झाली आणि टेक संघटनेची २००२ ची आंतरराष्ट्रीय परिषदही तेथेच भरली. जुळाऱ्याची जागा बदलली, त्याच्या हातातील खिळे गेले. त्याची गरज संपली नाही.

दुसरे अंग लिपीचे. ग्रोनिंगेन येथील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची प्रणाली तयार केली. रोमन अक्षरांत लिप्यंतर करून लिहिलेला मजकूर ती देवनागरीत जुळवी. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे युनिकोडमधील देवनागरी थेट लिहिणे शक्य झाले. याच काळात आपल्याकडील मराठी अक्षरजुळणी मात्र वेगळ्या वाटेने गेली होती. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे रूढ असलेल्या अनेक मराठी फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, फाइलीत मात्र दुसरेच अक्षर साठवलेले असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग समोर येते, हा अनुभव मराठीतून लेखन करणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांना आहे. दिसणारे रूप आणि साठवलेला मजकूर यांच्यातील फारकतीची किंमत गणितज्ञांनी समीकरणांत मोजली, ती आपण अख्ख्या भाषेत मोजली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रथमतः, गणितीय अक्षरजुळणीचा वाद वेगाच्या कसोटीवर निकालात निघत नाही. अल्प मजकुरासाठी दृश्य एडिटर सोयीचे आहेत आणि ते वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसरे असे की, दोन्ही पक्ष आता परस्परांच्या जवळ आले आहेत. माथियास एट्रिश यांच्या १९९५ मधील लिक्सने रचनेवर आधारलेले लेखन दृश्य रूपात आणले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या व पुढे ओव्हरलीफ या नावाने रूढ झालेल्या सेवेत खुणा आणि पान शेजारी-शेजारी दिसतात. वर्डही कालांतराने लाटेकच्या खुणा समजू लागला. आणि २०२३ मध्ये खुला झालेल्या टिप्स्टने सोप्या खुणा व तत्काळ दिसणारे पान यांची सांगड घातली. पानाचे रूप लगेच दिसावे ही एका पक्षाची मागणी आणि मजकूर साध्या, वाचनीय खुणांत राहावा ही दुसऱ्या पक्षाची मागणी, या परस्परविरोधी नव्हत्या.

तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. लेखक किती माहिती द्यायला तयार असतो, यावर चिन्हांकनाची मर्यादा ठरते. रूपाच्या पुढे जाऊन रचना सांगण्याचे कष्ट लेखकांनी घेतले, कारण क्रमांक, संदर्भ आणि सुबक पान यांच्या रूपाने त्याचा मोबदला त्यांना त्वरित मिळाला. अर्थ सांगण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत, कारण त्याचा लाभ दुसऱ्याला, नंतर आणि अदृश्यपणे होणार होता. म्हणून साधन निवडताना अध्यापकाने एकच प्रश्न विचारावा : ही फाइल २० वर्षांनी, हे साधन नसताना, दुसऱ्या कोणाला उघडता येईल का, आणि ती पाहता न येणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकता येईल का? विद्यापीठांनी प्रबंध स्वीकारताना छापील प्रत व पीडीएफ यांच्याबरोबर मूळ खुणांचा मजकूरही जतन करण्याचा नियम केल्यास या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येण्याची शक्यता पुष्कळ वाढेल. जुळाऱ्याच्या बोटांतील ज्ञान एकदा हरवता हरवता वाचले. लेखकाने फाइलीत घातलेले ज्ञान हरवू न देणे, ही आता लेखकाचीच जबाबदारी आहे.